रोकबाबाच्या सिस्टर

या गं बायांनो, अशा जवळ येऊन बसा. उंबऱ्याला टेकून, एक डोळा मोबाइलवर ठेवून ऐकायची गोष्ट नाही ही. आणि आधी थोडं बोलून घेते, राग धरू नका. परवा तुमच्यातलीच एक, नाव घेत नाही, पुण्याहून फोनवर मला विचारत होती, "आत्या, दवाखान्यातलं ते कुत्र्याचं चित्र अजून हाय का गं?" चित्र आठवलं, कुत्रं आठवलं. पण त्या चित्राखाली तुला उभं करून ज्यांनी तुझ्या कानातला हरभरा काढला, त्या सिस्टरची साधी आठवणसुद्धा तुझ्या तोंडी आली नाही. म्हणून लिहायला बसले. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकलेली बाई. बोलते तसंच लिहिणार.

आपल्या दवाखान्याच्या सिस्टर, ख्रिस्ती जोगीण, कधी कुणाला "काय होतंय" असं विचारायच्या नाहीत. दुसरे डॉक्टर विचारतात तसं नाही. बाई आत आली, पदर तोंडाशी धरून उभी राहिली, की सिस्टर चष्म्यावरून बघायच्या आणि एकच शब्द म्हणायच्या, "दाखव." आपल्या बाया काय दाखवणार? ताप हाय म्हणायच्या, डोकं दुखतं म्हणायच्या, आणि खरं दुखणं पदराखाली तसंच ठेवून गोळ्या घेऊन घरी जायच्या. सिस्टरना ते पक्कं ठाऊक. मग त्या उठायच्या, बाईला दोन्ही खांद्यांना धरून मागं वळवायच्या आणि व्हरांड्यातल्या त्या चित्रासमोर उभं करायच्या. "बघ गो बाय. हा संत हाय. संत आसून दाखवता. तू कावून लाजतेस?"

अशी त्यांची भाषा. जन्म गोव्याचा, सगळी हयात आपल्या गावात, दिंद्रुड आणि केजच्या मधल्या या माळावर. त्यामुळं अर्धं गोव्याचं आणि अर्धं आपलं. 'लई' हा शब्द त्यांना फार आवडायचा, तो कुठंही लावायच्या. "लई थोडी साखर घाल," म्हणायच्या. आम्ही हसलो की आणखी मुद्दाम म्हणायच्या. दर पावसाळ्याआधी त्यांच्या घरून सुक्या सुंगटांचं, म्हणजे वाळवलेल्या कोळंबीचं, पार्सल एसटीनं यायचं. कंडक्टर ते दोन बोटांत लांब धरून आणायचा आणि म्हणायचा, "सिस्टर, मागच्या चार शिटा रिकाम्या झाल्या बघा या वासानं." सिस्टर म्हणायच्या, "मग तुला झोपायला जागा मिळाली. थँक्यू म्हण." त्या दिवशी दवाखान्यात सगळी मांजरं यायची, आणि मी नाकाला पदर लावून काम करायची.

मी तिथं झाडायची, सुया उकळायची, पट्ट्या धुऊन गुंडाळायची. नवऱ्यानं टाकलेली, माहेरी भावाच्या आसऱ्याला राहिलेली बाई. गावात सगळ्यांची आत्या झाले ती अशी. सिस्टरनी पहिल्या दिवशी माझ्याकडं बघून "दाखव" म्हटलं तेव्हा मी म्हणाले, मला काही झालेलं नाही, मी कामाला आलेय. तर म्हणाल्या, "हात दाखव. नखं." नखं कापली नव्हती. स्वतः बसून कापली त्यांनी. आईनंतर माझी नखं कुणी कापली नव्हती.

आता ते चित्र. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. दाराच्या एका फळीएवढं मोठं, आणि सगळं काळोखं. कंदील एका बाजूला धरावा आणि माणसाचा तेवढाच भाग उजळावा, तसं. उजेडात तीनच गोष्टी: वर बघणारा एक दाढीवाला चेहरा, अंगरखा बाजूला सारून उघडी केलेली मांडी आणि त्या मांडीवरची जखम, आणि खाली कुत्र्याच्या तोंडातली भाकरी. काठी, पाठीवरची टोपी, खांद्यावरचा यात्रेकरूंचा शिंपला हे सगळं अंधारात, जवळ गेल्यावर सापडणारं. तो माणूस आपल्या बोटानं स्वतःची जखम दाखवतोय. लपवत नाही, रडतही नाही. नुसता दाखवतोय.

त्याचं नाव संत रोक. आम्ही रोकबाबा केला. सिस्टर सांगायच्या, फार पूर्वी त्याच्या मुलखात, तिकडं युरोपात, प्लेगची साथ आली, तेव्हा हा घरचं सगळं सोडून आजाऱ्यांची सेवा करत गावोगाव फिरला. मग त्यालाच गाठ आली. आपल्यामुळं कुणाला लागण नको म्हणून एकटा रानात जाऊन पडला. तर एक कुत्रं रोज त्याला भाकरी आणून द्यायचं आणि जखम चाटायचं. एवढीच गोष्ट. पण आमच्या बायांना ती लगेच कळली. त्यातल्या कितीतरी जणी आजारपणात अशाच गोठ्यात नाहीतर पडवीत जाऊन पडलेल्या होत्या.

चित्र सिस्टरच्या आईच्या घरचं. त्यांच्याकडचं जुनं देऊळ, म्हणजे चर्च, पडलं तेव्हा त्यातनं ते घरी आणलेलं, आणि घरात ठेवायला कुणी तयार नव्हतं म्हणून सिस्टर नेसत्या लुगड्यानिशी यावं तशा त्याला घेऊन इथं आल्या. मी विचारलं होतं, चितारी कोण? म्हणाल्या, "कोणाक खबर? नाव घातलंच न्हाई त्यानं." आणि मग, "आजारी माणूस खूप बघितलेला आसतलो, इतकं खरं."

कुणी त्याला दत्त म्हणायचं, कुत्रं आहे म्हणून. कुणी खंडोबाचा भक्त म्हणायचं. सिस्टर कुणाचं खोडून काढायच्या नाहीत. फक्त कुणी लांबून हात जोडून निघालं की ओरडायच्या, "नमस्कार नको. तपासून घे."

आणि मग हळदीचं झालं. गोदाकाकू नावाची एक म्हातारी यायची, रोज काहीतरी कारण काढून. एक दिवस सिस्टरना दिसलं की रोकबाबाच्या मांडीवरची जखम पिवळी झालीय. जखम दिसली की आपल्या बाईचा हात हळदीकडं जातो, मग ती जखम वासराची असो, पोराची असो, नाहीतर चित्रातल्या बाबाची. गोदाकाकू कनवटीला हळदीची पुडी बांधून आणायची आणि कुणी बघत नाही असं बघून बोटानं लावायची. सिस्टर लालेलाल झाल्या. मला वाटलं, आता म्हातारीची धडगत नाही. चित्र जुनं, रंग पोपडे धरलेला. त्या तिच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या, श्वास घेतला, आणि काय म्हणाल्या असतील?

"त्याची जखम तुला दिसली. तुझी खंय आहे? दाखव."

गोदाकाकूच्या टाचेला कित्येक महिन्यांचं चिघळलेलं होतं, लुगड्याच्या घोळात झाकलेलं. सुनेला वास येऊ नये म्हणून गोठ्यात झोपायची. ती टाच सिस्टरनी दोन महिने रोज धुतली. गोदाकाकू बोंबलायची, शिव्या द्यायची, सिस्टर गोव्याच्या भाषेत उलट काहीतरी बोलायच्या, आणि टाच भरत आली.

त्यावरनं सिस्टरना एक युक्ती सापडली, आणि तशी युक्ती मी कुठल्या दवाखान्यात पाहिलेली नाही. त्यांनी केजच्या काचवाल्या चाचांना बोलावून चित्रावर काच बसवून घेतली. चाचा माप घेताना बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "बीमारां की खिदमत करे सो आदमी है ये. मैं खुद लगाता, पोट्टे को नई देता." काच बसली. मग सिस्टरनी सगळ्या बायांना सांगितलं की आता हळद खुशाल लावा, काचेवर. आणि मला बजावलं, सकाळी काच पुसायच्या आधी मला बोलवायचं.

मला आधी कळलंच नाही कावून. मग कळलं. बाई आपलं दुखणं तोंडानं सांगत नाही, पण बाबाला हळद लावताना तिचं बोट आपोआप तिथंच जातं जिथं तिचं स्वतःचं दुखतंय. मांडीवर तर सगळ्याच लावायच्या, रीत म्हणून. पण एखादं बोट गुडघ्यावर, एखादं पोटावर. सिस्टर रोज सकाळी काच वाचायच्या. कोण कुठं हात लावतंय ते बघत राहायचं काम माझं. एकदा काचेवर, बाबाच्या छातीशी डाव्या बाजूला, बारीकसा पिवळा ठिपका. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी सांगितलं, रुक्मिण लावते. ती तर पोराचा खोकला घेऊन आली होती. सिस्टरनी पोराला माझ्याकडं दिलं, तिला आत नेलं, पडदा ओढला. आतनं एकच शब्द ऐकू आला. रुक्मिणच्या छातीत सुपारीएवढी गाठ होती. मोठ्या दवाखान्यात वेळेवर गेली, ऑपरेशन झालं, आणि आज तिची नातवंडं तिला नको नको करतात इतकी ती बडबड करते. काही जणी उशिरा आल्या. त्यांच्या घरी सिस्टर स्वतः जाऊन बसायच्या, आणि परत आल्या की मला उगीच पातेलं नीट घासलं नाहीस म्हणून रागवायच्या. मी पातेलं पुन्हा घासायची.

त्या काही देवमाणूस नव्हत्या, तसं कुणी समजू नका. तापट होत्या. बाजारात वांग्यासाठी अर्धा तास हुज्जत घालायच्या आणि वांगी जीपमध्येच विसरून यायच्या. पत्त्यांत चक्क फसवायच्या. कुणाची चूक नसताना ओरडल्या तर माफी मागायच्या नाहीत. गुपचूप त्याच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवायच्या. तेवढ्यावरनं आपण समजून घ्यायचं.

सिस्टर म्हाताऱ्या झाल्या आणि चित्रही आजारी पडलं. मागनं वाळवी लागली, वरनं रंगाचे पापुद्रे काचेच्या आत गळायला लागले. शहरातनं त्यांच्या वरिष्ठांनी एक बाई पाठवली, जुनी चित्रं नीट करणारी. ती भिंग लावून दिवसभर बघत बसली. म्हणाली, तीनशे वर्षांचं तरी असेल, आणि इथंच राहिलं तर पुढचा उन्हाळा काढणार नाही. शहरात न्यायला लागेल.

गावानं नाही म्हटलं. एकदा गेलेली वस्तू परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. लोक दारात येऊन बसले. सिस्टर काठी टेकत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आजारी माणसाला दवाखान्यात पाठवायला मी तुम्हाला रोज सांगते. तुम्ही न्हाई म्हणता. आता मी पण न्हाई म्हणू?" शेवटी गोदाकाकूच्या सुनेनं विचारलं, "पन पेशंट येकटा कसा जाईल? संगं कुनी नगं का?"

तर पेशंटसोबत मी गेले. हसू नका. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, सतरंजी घेऊन, टेम्पोत त्याच्या शेजारी बसून. तिथं त्या बाईच्या खोलीबाहेर मी जमिनीवर सतरंजी टाकली तेव्हा ती चक्रावली. मी सांगितलं, आमच्याकडं पेशंटपाशी माणूस लागतं. दोन दिवस ती दारातनं माझ्याकडं बघत राहिली, तिसऱ्या दिवशी आत बोलावलं. रोकबाबा टेबलावर आडवा, वर मोठा दिवा, आणि ती कापसाच्या बोळ्यानं त्याला पुसतेय. अगदी आपल्या ड्रेसिंगसारखं. मांडीपाशी येऊन ती थांबली. हा पिवळा रंग चितारीचा नाही, म्हणाली. मी म्हणाले, हळद हाय, आमच्या गोदाकाकूची, काच बसवायच्या आधीची. तिनं बोळा खाली ठेवला. म्हणाली, ही सुद्धा भक्तीच की, राहू द्यावी का? सिस्टरनाच फोन लावून विचारलं. मला वाटलं, राहू द्या म्हणतील. गोदाकाकू तेव्हा जाऊन फार दिवस झाले नव्हते. फोनमधनं आवाज आला तो मलाही ऐकू आला. "काढ. गोदाचं मन त्याला कळलेलं हाय. पण जखम झाकायची न्हाई. ती दिसूक जाय, दिसायलाच पायजे."

चित्राचं थोडं काम राहिलं होतं तेव्हा मी गावी परत आले, तर सिस्टरच्या खोलीत एक तरुण सिस्टर सामान बांधत होती. मी विचारलं, कुणाचं? ती रडायला लागली आणि तिच्याकडनं सगळं कळलं. वरिष्ठांचं म्हणणं असं होतं की दवाखान्यात आता आठवड्यातून दोन दिवस नर्स येईल, तिथं इतकं मोलाचं चित्र कोण सांभाळणार, ते शहरातच राहू दे. आणि सिस्टरनी गोव्याला, म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरी जावं. सिस्टर दोन्हीला नाही म्हणत आल्या होत्या. त्यांना इथंच मरायचं होतं. दवाखान्यामागं लिंबाखालची जागा त्यांनी कधीचीच बघून ठेवली होती, मला काठीनं आखून दाखवली होती. आणि आता त्यांनी कळवलं होतं की मी मुकाट्यानं जाते, पण चित्र गावाला परत द्या.

मी त्यांच्याशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाले, सिस्टर, तुम्ही स्वतःला देऊन एक फोटो सोडवून आणला? लिंबाखालची जागा दिली?

त्या खाटेवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी किती दिवस पुरणार बाय? मी मेले की मी म्हणजे लिंबाखालचं ढेकूळ. ढेकळाला कोण काय दाखवतलं? तो राहिला तर बाया दाखवतील. लई साधा हिशेब हाय." आणि मग माझा हात ओढून घेऊन नखं बघितली. वाढली होती. नुसतं 'च्यक' केलं.

चित्र आलं तेव्हा त्या अजून इथंच होत्या, एवढं बरं झालं. पुसून स्वच्छ झालेलं चित्र बघायला सगळं गाव लोटलं. इतकी वर्षं ज्याला आम्ही काळं कुत्रं म्हणत होतो, ते पांढरं निघालं, एक कान तांबडा. जखम लालबुंद, कालच झाल्यासारखी. सिस्टर काठी टेकून समोर उभ्या राहिल्या. मग कुत्र्याकडं बघून म्हणाल्या, "आंघोळ घातली रे तुला."

निघायच्या दिवशी बायांमध्ये घोळ झाला. गावची बाई निघाली की ओटी भरायची. पण सिस्टरची कशी भरायची? सवाष्ण म्हणावं तर लग्न नाही, विधवा म्हणावं तर तेही नाही. आपापसात कुजबुज चाललेली. सिस्टरच्या कानावर गेली. म्हणाल्या, "माझं लग्न झालंय. नवरा वर आसता. भरा." सगळ्या हसल्या. मग रुक्मिण पुढं झाली, म्हणाली, आपण लेक म्हणून भरू, लेकीला काही विचारावं लागत नाही. गहू, नारळ, हळकुंड, खण. त्यांनी पांढऱ्या साडीचा पदर पसरला. गहू सांडत होते. ओटी भरून झाल्यावर विचारलं, "लेक म्हटलं म्हणजे माहेरी यायला मिळतं ना?" रुक्मिण म्हणाली, "पंचमीला न्यायला मुराळी पाठवतो की."

गोव्याहून त्यांचा दर रविवारी फोन यायचा. स्वतःचं काही सांगायच्या नाहीत. आज काचेवर कुठं कुठं हळद, एवढंच विचारायच्या, आणि मी सांगायची, आणि त्या तिथनं नर्सला निरोप द्यायच्या, अमकीला तपास. पंचमी जवळ आली तेव्हा मात्र विचारलं, "मुराळी कोण येणार?" माझा भाऊ येणार होता. त्याचं वयही काही कमी नाही, पण त्यानं नवा शर्ट शिवला, तिकीट काढलं. तो पोचला तेव्हा सिस्टर दारातच खुर्चीवर बसलेल्या, मांडीवर पिशवी, पिशवीत आमच्यासाठी सुकी सुंगटं. तिथल्यांनी सांगितलं, यांना श्वास पुरत नाही, इतका प्रवास झेपणार नाही. भाऊ दोन दिवस त्यांच्यापाशी बसून राहिला. मुराळी आला तो लेकीशिवाय परत आला. श्रावण संपायच्या आत त्या गेल्या. तिकडंच मातीत ठेवलं त्यांना.

दवाखाना चालू आहे. नर्स चांगली आहे, पण घाईची. सकाळी काच पुसायच्या आधी मीच बघते, आणि ती आली की सांगते. गेल्या महिन्यात एक नवी सून, शाळा शिकलेली, काचेसमोर उभी होती. हळद लावली नाही. नुसती बघत होती. मग आपली बाही वर केली आणि दंडावरचे वळ माझ्यापुढं धरले. मी काही विचारलं नव्हतं. तिला घेऊन मी आधी नर्सकडं गेले, मग पोलीस पाटलांकडं, मग तिच्या सासरच्या दारात. सिस्टर असत्या तर आधी सासरच्या दारात गेल्या असत्या.

तर बायांनो, माझे गुडघे आता सकाळी लवकर वाकत नाहीत, आणि पंचमी तोंडावर आलीय. लिंबाला झोके बांधून होतील. तुम्हाला न्यायला कुणी येईल म्हणून वाट बघत बसू नका गं, माझा भाऊ आता थकलाय. स्वतःच गाडी धरा आणि या. येताना अंगावर काही दुखत असेल तर लपवून आणू नका. लवकर या.